शंभर टक्क्यांची शाळा

आमच्या घरी सकाळी घड्याळ बघावं लागत नाही. माझी नात मोजे शोधायला लागली की अख्खी गल्ली उठते. समोरचा बेकरीवाला तर म्हणतो, "आजी, तुमच्या भोंग्याला रविवारी तरी सुट्टी द्या." भोंगा हे नाव त्यानेच ठेवलं आणि पोरीने ते मिरवलं. शाळेत कवायतीचे हुकूम देणारी तीच, शर्यतीत कडेला उभी राहून टीमला पळवणारी तीच. माईक बंद पडला तर बाई आधी तिला हाक मारायच्या, मग वायरमनला.

नववीचं वर्ष संपत आलं होतं. त्या सकाळी सून डबा भरत होती, माझा लेक ब्रश रॉकेलमध्ये घुसळत होता आणि भोंगा केसांना पिना लावता लावता पाठांतर करत होती. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम होता आणि शाळेचा इतिहास सांगायचं काम तिच्याकडे होतं.

"शहरातल्या शाळा म्हणायच्या, जागा नाही. तेव्हा इथल्या माणसांनी पत्र्याची एक शेड उभी केली…"

"एक नाही, दोन," मी म्हटलं. "पहिली वाऱ्याने उडाली. तिचे पत्रे कुठे कुठे जाऊन पडले होते! मी वेचलेत. ते सांग."

"आजी, बाईंनी लिहून दिलंय. मला बदलता येत नाही."

"मग बाईंना म्हणावं, त्या तेव्हा पाळण्यात होत्या."

माझी स्वतःची शाळा दुसरीत संपली. म्हणून असेल, पण त्या शाळेचं मला अंमळ जास्तच कौतुक. शहराच्या टोकाची सरकारी शाळा. शेडच्या जागी विटांच्या खोल्या आल्या, मग प्रयोगशाळा, मग वाचनालय. ग्राउंडातले दगड वस्तीतल्या बायाबापड्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन काढले. त्या शाळेतून नर्सा निघाल्या, मास्तर निघाले, एक तर कोर्टात कारकून आहे आणि ओळख दाखवत नाही. माझा लेकही तिथलाच. दोनदा नापास होऊन शिकला. तेव्हाचे हेडमास्तर त्याला म्हणाले होते, "पुन्हा बस की रे. शाळा काय पळून चाललीय?" तो बसला, पास झाला, पाट्या रंगवायला लागला. सगळे त्याला पेंटरच म्हणतात. शाळेच्या फाटकालगतच्या भिंतीवर दहावीचा निकाल दर वर्षी तोच रंगवतो, आणि बरीच वर्षं झाली, त्याला आकडा बदलावा लागलेला नाही. शंभर टक्के. निळी अक्षरं, कडेने पिवळी रेघ. इतका निकाल लागतो तरी कसा, हे वस्तीत कुणी विचारलं नाही. चांगल्याला नावं कोण ठेवणार?

कार्यक्रमाच्या आधी लेक शाळेत स्टेजचा पडदा रंगवत होता, तेव्हा हेडबाईंनी त्याला आत बोलावलं. मी तिथे नव्हते. पण लेक माझा आहे. तो दारात कसा घुटमळला असेल आणि हात कुठे पुसले असतील, हे मला कुणी सांगायला नको. बाकीचं त्याने पुढे शब्दन् शब्द सांगितलं.

"बसा ना, पेंटर."

"नको मॅडम. पँटला रंग आहे."

"मुलीचं गणित बघितलंत?"

"कच्चं आहे. घेतो करून."

"कोण घेणार करून?" हेडबाई हसल्या. वाईट नाही हसल्या, आजाऱ्याशी हसावं तशा हसल्या. "हे बघा, मी तिच्या भल्याचं सांगते. दहावीला तिला बाहेरून बसू द्या. शाळेचं दडपण नको, घाई नको. तुम्ही स्वतःहून नाव काढलंत तर दाखला स्वच्छ मिळेल. नापासाचा शेरा बसला की जन्माचा बसतो."

"मॅडम, हेच वर्ष पुन्हा करू दे ना. मीसुद्धा…"

"तो काळ गेला, पेंटर. आता शाळेचाही निकाल लागतो."

नाव काढायच्या अर्जावर याने उभ्या उभ्या सही केली. अंगठ्याचा ओला रंग कागदाच्या कोपऱ्याला लागला, तर हेडबाईंची माफी मागितली. माफी! आणि हा बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "कार्यक्रम होईपर्यंत मात्र येऊ द्या हं तिला. तसा आवाज दुसऱ्या कुणाला नाही."

घरी येऊन याने तोंडातून शब्द काढला नाही. जेवला, ब्रश धुतले, झोपला.

कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. भोंगा स्टेजवर आली, माईकपासून चांगली हातभर लांब उभी राहिली, तरी शेवटच्या रांगेतला म्हातारा कानाला हात न लावता ऐकत होता. "शहराने ज्यांना जागा नाही म्हणून परत पाठवलं, त्या सगळ्यांना या शाळेने बाकावर बसवलं," ती म्हणाली आणि लोकांनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. पाहुण्यांनी तिला जवळ बोलावून पाठ थोपटली. हेडबाई टाळ्या वाजवत होत्या. माझा लेकही वाजवत होता. मध्येच उठला आणि ग्राउंडच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आला. मला वाटलं, बापाचं काळीज, भरून आलं असेल.

परीक्षा झाली, सुट्टी लागली. भोंगा दहावीच्या जुन्या पुस्तकांना कव्हरं घालायला बसली तेव्हा बाप म्हणाला, "ती राहू दे. तू आता घरूनच परीक्षा देणार आहेस."

"घरून म्हणजे?"

त्याने सांगितलं. पोरीने हातातली कात्री जपून मिटली आणि पुस्तकावर ठेवली.

बोलले ते मी. "सही केलीस तरी कशी?"

"आई, मॅडम समोर बसल्या होत्या."

"मॅडम समोर होत्या, मग पोरगी कुठे होती? पाठीमागे?"

"त्या शिकलेल्या आहेत, आई. आपल्याला काय कळतं त्यातलं?"

"दोनदा नापास झालास तेव्हा तुला कुणी काढलं असतं तर आज कशाने रंगवली असतीस पाटी? शेपटीने?"

सून मध्ये पडली. "आता भांडून काय होणार, आई? झाली सही." ती हे भात परतता परतता बोलली. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

मी शाळेत गेले. हेडबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. अपमान करून हाकललं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"आजी, मला काय हौस आहे?" त्या म्हणाल्या. "निकाल जरा घसरला की वरून विचारणा येते. मग पालक मुलं शहरातल्या शाळांत घालतात. मग तुकडी बंद. मग शिक्षक बदलून जातात, आणि एक दिवस शाळेलाच कुलूप लागतं. एका मुलीसाठी एवढी शाळा पणाला लावू?"

"एकच आहे का?"

त्या टेबलावरची पेनं सरळ करायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "दर वर्षी आठ-दहा असतात."

"म्हणजे आठ-दहा पोरं बाहेर फेकायची आणि उरलेल्यांची बेरीज शंभर करायची? असं गणित तर मलाही जमेल. मी दुसरी शिकलेय!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या पाण्याचा राग आला. माझ्या लेकाने केलेली सही काही त्या पाण्याने निघणार नव्हती.

बाहेर पडताना मी ठरवलं, एकटीचं कुणी ऐकत नाही, दहा जणांचं ऐकावं लागेल. नवं वर्ष सुरू झालं, दहावीची पालकसभा भरली, तशी मी जाऊन तिसऱ्या रांगेत बसले. हेडबाईंनी स्वागत केलं, निकाल सांगितला, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तशी मी उठले.

"मी पेंटरची आई. माझ्या नातीला दहावीच्या तोंडावर शाळेतून काढलंय. ज्यांची ज्यांची पोरं अशी काढली, त्यांनी उभं राहायचं. घाबरू नका, मी बोलते."

कुणी उभं राहिलं नाही. मी एकेकाचं तोंड बघत गेले आणि एका खुर्चीपाशी माझ्या डोक्यात उजेड पडला. मीही कशी खुळी! ज्यांची पोरं काढली, ते या सभेला येतीलच कशाला? ते आता कुणाचे पालकच नव्हते. तिथे बसलेले सगळे उरलेल्यांचे होते.

एक तरुण शिक्षिका जवळ आली. अगदी आदराने विचारलं, "आजी, तुमची नात कुठल्या तुकडीत आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग… ही सभा दहावीच्या पालकांची आहे ना."

शिपायाने मला दारापर्यंत आणून सोडलं. पायरी उंच होती, म्हणून हातही धरला.

बेकरीवाला धावत मागून आला. त्याचा मुलगा यंदा दहावीला. "आजी, तुमचं खरं आहे, शपथ. पण हे तुम्ही परीक्षेनंतर बोलला असतात तर मी उभा राहिलो असतो."

"परीक्षेनंतर तुला या सभेला कोण बोलावणार आहे रे?"

तो बुटाने माती उकरत राहिला.

तरी मी थांबले नाही. विचारत विचारत काढलेल्या पोरांची घरं शोधली. बस कंडक्टरचा मुलगा गॅरेजमध्ये टायर उचलतो. त्याच्या आईने दार अर्धंच उघडलं. "आमच्या मुलाला कुणी काढलं? त्याने स्वतः सोडली. त्याला आवडच नव्हती." शिंपिणीने मला घाईघाईने आत ओढलं. "हळू बोला, भिंती पातळ आहेत. आम्ही शेजारीपाजारी सांगितलंय, मुलीची तब्येत बरी नसते." ती धडधाकट मुलगी आतल्या खोलीत बटणं लावत बसली होती, ती माझ्याकडे बघून खोकली. तिसऱ्या घरी तर माणूस माझ्यावरच उखडला. "आमच्याच रक्तात खोट आहे, शाळेचा काय दोष? चांगली शाळा आहे. तुमच्या पेंटरनेच तर रंगवलंय!"

प्रत्येक घराने आपापली लाज पदराआड झाकली होती. मी हात जोडले तरी ती कुणी बाहेर काढीना.

संध्याकाळी घरी आले. भोंगा गणिताचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पेन्सिल हातात होती, वही कोरी होती.

"आजी, तू लोकांच्या दारात हिंडतेस ते मला कळलं," ती म्हणाली. "नको ना जाऊ. शाळा चांगली आहे. मीच ढ आहे."

"कुणी सांगितलं तुला? नाव घे!"

"कुणी नाही, आजी. खरंच कुणी नाही."

आणि ते खरं होतं. हेडबाईंनी भल्याचं सांगितलं, बापाने सही केली, आईने पाठ करून भात परतला, वस्तीने टाळ्या वाजवल्या. ढ हा शब्द एकानेही तोंडातून काढला नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तो पोरीच्या हातात दिला आणि तिने मुकाट्याने स्वतःला लावून घेतला.

आयुष्यभर मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. कुणा एकाने तिला ढ म्हटलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन तो शब्द त्याच्या घशात परत कोंबला असता. आता कुणाचं दार वाजवू, तुम्हीच सांगा. तुमचं वाजवू का?