निळी रेष, लाल रेष

देवानंद ढोमणे रिटायर झाले आणि घराच्या डोक्याला ताप झाला, असं त्यांची सून तारा म्हणे. अर्थात मनातल्या मनात! पोलादाच्या प्लांटात जन्म गेला भट्टीचे अंदाज बांधण्यात. आता रिसालीच्या घरात भट्टी कुठून आणणार? मग बुवांनी लॅपटॉपवर घराचंच, पुढचे अंदाज सांगणारं मॉडेल बनवलं. आधी विजेचं, मग गॅसचं, आणि मग, झालं, ताराचं! सून सुपेल्याच्या बाजारातून किती वाजता परतेल, याची निळी रेष आधीच निघायची. ती खरंच परतली की लाल.

रेषा जुळल्या नाहीत, तर चहाबरोबर चौकशी. "तारा, आज फरक कावून आला?" रागावत नसत हो, तेच तर वाईट. गोड बोलून जीव खात. शेवटी तारानं सोपा मार्ग धरला. भाजी लवकर आटोपली तरी रसाच्या ठेल्यावर बसून राहायचं आणि निळ्या रेषेच्या वेळेला घरी यायचं. रेषा एकमेकींवर बसल्या. मामाजी (सासऱ्यांना ती मामाजीच म्हणे) खूश, चौकशी बंद.

अशात ताराला मोहन नगरच्या शाळेत नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. नवरा, सुशील, म्हणाला, "बाबाले विचार."

मामाजींनी लॅपटॉप उघडला. "बेटा, तुले बाहेरची ओढच नाही. हे पाय, वर्षभराचा डेटा. अंदाज आन् प्रत्यक्ष, काहीच फरक नाही. एक मिनिट जास्त बाहेर राहिली नाहीस. अशी घरात रमणारी बाई नोकरीत सुकून जाते. तुह्या भल्याचंच सांगून राहिलो."

ताराला आता उमगलं. बाहेरून कडी लावायची कुणाला गरजच पडली नव्हती; ती तिनंच आतून लावली होती.

"मामाजी, मी मुद्दाम जुळवत होती! ठेल्यावर बसून राहायची. तुमच्या प्रश्नांच्या धास्तीनं!"

सुशील मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. मामाजी गडबडले, पण लगेच सावरले. "आज तू तापली आहेस. असा एखादा आकडा भलताच येते. आउटलायर म्हणतात त्याले. तो काढून टाकाचा."

बोलून टाकलेलंही पुसलं जाणार! तारानं लॅपटॉपकडे बोट केलं.

"आन् असे आकडे रोजच आले तर?"

मामाजी आकड्यांच्या बाबतीत कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तर मंग मॉडेलच चुकलं म्हणाचं."

"मंग सोमवारपासून मोजा, मामाजी," तारा म्हणाली. "मी तुमचा अंदाज रोज चुकवीन."