वेष्टनात बांधलेलं लॅटिन पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. लॅटिन गोष्टींचं. कोल्हापुरात लॅटिन कुणाला हवंय, असं तुम्ही म्हणाल. मलाही तीच शंका होती, आणि ती मनात घेऊनच मी सात-आठ वर्षं एका रद्दीवाल्याकडे जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याखाली पडून होतो.

माझा जन्म परदेशातला. लॅटिनचं पहिलं पुस्तक संपतं आणि पुढे काय वाचायचं ते कळत नाही, अशा माणसांसाठी मला छापलं. माझ्यात बावीस गोष्टी आहेत, सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या. व्याकरणाचे तक्ते नाहीत, प्रश्नोत्तरं नाहीत. वाचत जायचं, बस्स.

रद्दीवाल्याकडून मला उचललं तात्यासोंनी. ते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. झाडांची लॅटिन नावं आयुष्यभर शिकवली, तेव्हा आता ती भाषाच शिकू, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. पहिलं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. पण दोन पानांची गोष्ट समोर आली की गाडी अडायची.

चूक त्यांच्या सवयीची होती. तात्यासो जैन घरातले. मंदिरातलं शास्त्रवाचन लहानपणापासून ऐकलेलं. तिथे एक ओळ वाचतात, शब्दाशब्दाचा अर्थ लावतात, मगच पुढची ओळ. धर्मग्रंथाला ती रीत शोभते. तात्यासोंनी ती मलाही लावली. माझ्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर त्यांनी पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिला. पहिली गोष्ट होती एका गिरणीवाल्याच्या लंगड्या गाढवाची. ती संपवायला त्यांना चार महिने लागले. मला तर गुदमरायला झालं होतं.

एक दिवस त्यांच्या पत्नी, चंदनाबाई, शेजारी बसून गवारी मोडत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "मग त्या गाढवाचं काय झालं म्हणायचं?"

तात्यासो पानं मागेपुढे चाळू लागले. शब्द सगळे ठाऊक, गोष्ट ठाऊक नाही.

"अहो, चार म्हैने काय वाचत होता मग?" चंदनाबाई हसू दाबत म्हणाल्या.

तात्यासो आधी रागावले, मग स्वतःच हसले आणि खोडरबर घेऊन बसले. दोन दिवस माझी पानं खोडत होते. त्यानंतर रोज दुपारी ते माझा एक परिच्छेद मोठ्यानं, न थांबता दोनदा वाचत आणि चंदनाबाईंना मराठीत सांगत. एखादा शब्द अडला तर म्हणत, "जाऊ दे गं, म्होरं कळंल." आणि खरंच पुढे कळायचं. चंदनाबाईंचा हात भाजीत आणि कान माझ्याकडे. कधीकधी तात्यासोंनी अर्थ सांगायच्या आधीच त्या म्हणत, "पळाला न्हवं त्यो?" ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस. सहा वर्षांत एकवीस गोष्टी झाल्या.

बाविसावी सुरू व्हायच्या आठवड्यात तात्यासो गेले.

चंदनाबाईंनी मला पुसलं, लाल कापडाचं वेष्टन घालून नाडी बांधली आणि देवघरातल्या कपाटात धर्मग्रंथांच्या शेजारी ठेवलं. ते प्रेमच होतं, मी जाणतो. पण त्या दिवसापासून मी पूजेचा झालो आणि वाचायचा उरलो नाही. श्रुतपंचमीला, म्हणजे जैन घरांतल्या ग्रंथपूजेच्या दिवशी, सगळ्या ग्रंथांबरोबर मलाही बाहेर काढत, पुसत, अक्षता वाहत आणि अर्ध्या तासात नव्या कापडात बांधत. मला धूळ लागली नाही की कसर लागली नाही. शेजारचे ग्रंथ मात्र अधूनमधून स्वाध्यायाला बाहेर जायचे. चार वर्षं मी आतल्या अंधारात ती शेवटची गोष्ट एकटाच धरून बसलो. फार एकटं वाटायचं, मित्रांनो. रद्दीतसुद्धा इतकं वाटलं नव्हतं, कारण तिथे मला कुणी ओळखतच नव्हतं.

यंदाच्या श्रुतपंचमीला त्यांची मुलगी ऐश्वर्या गडहिंग्लजहून आली होती. मला पुसता पुसता ती म्हणाली, "आई, हे बाबांचं लॅटिनचं न्हवं? इथं कोण वाचणाराय? कॉलेजच्या लायब्ररीत देऊन टाकू या की."

"नको," चंदनाबाई म्हणाल्या.

"अगं, नुसतं बांधून ठेवून काय उपयोग?"

चंदनाबाईंनी नवं लाल कापड पुढे ओढलं. माझा जीव मात्र टांगणीला लागला. लायब्ररीत तरी कोण उघडणार होतं मला?

ऐश्वर्या दुपारच्या एसटीनं गेली. घर शांत झालं. चंदनाबाई वेष्टनाची नाडी बांधत होत्या, ती त्यांनी अर्ध्यावर सोडली. चष्मा लावून बाविसावी गोष्ट काढली आणि शाळेत शिकलेलं इंग्रजी आठवत, लहान पोरीसारखं एकेक अक्षर जुळवत वाचू लागल्या.

"नाउता... सेनेक्स... नावेम... एक्स्पेक्तात."

त्या थांबल्या. दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हातारा नावाडी... नावेची वाट बघतोय."

लॅटिनचा एकही तक्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता! एकवीस गोष्टी कानांवरून गेल्या, तेवढंच त्यांचं शिक्षण. पुढचं वाक्य, "नाविस नॉन वेनित." त्याचा अर्थ त्यांनी लगेच सांगितला, "नाव काय येत न्हाय." तिसऱ्या वाक्यात एक लांबलचक शब्द अडला. त्यांनी त्यावर क्षणभर बोट ठेवलं आणि उचलून पुढच्या शब्दावर नेलं.

तात्यासो मला वाचत ते चंदनाबाईंना सांगण्यासाठी. पण त्या दुपारी खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. चंदनाबाई वाचत होत्या आणि अर्थ सांगत होत्या तो मलाच. माझी गोष्ट मला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

आता त्या रोज चार ओळी वाचतात. गोष्ट अकरा पानांची आहे आणि आम्ही दुसऱ्या पानावर आहोत. पुढे अवघड आहे. ती पुरी होईल की नाही, मला ठाऊक नाही. लाल कापड मात्र घडी घालून बाजूला ठेवलेलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणा गेलेल्या माणसाचं पुस्तक जपून ठेवलेलं असेल. त्याला नमस्कार जरूर करा, पण मग ते उघडा. नाही कळलं तर पुढे जा, चुकत चुकत वाचा. आम्ही पुस्तकं कुणाला हसत नाही.