गोलामागची हाक

“दार लाव गंऽऽ!”

हाक आली आणि माझ्या मुलीनं मान वळवली. चेंडू समोरून येत होता आणि ही हेल्मेटच्या जाळीतून मागे बघत होती. चेंडू तिच्या पॅडजवळून आत गेला आणि मागच्या फळीवर खाडकन आपटला.

पलीकडच्या पोरी नाचायला लागल्या. आमचे सर कमरेवर हात ठेवून ओरडले, “अगं, मागे काय ठेवलंय तुझं? बॉल पुढून येतो!”

मागे बुटकीच्या आई उभ्या होत्या. बुटकी ही आमच्या टीममधली सगळ्यात लहानखुरी पोरगी. हाक तिच्या आईनं मारली होती, पण ती हाक माझ्या बायकोची.

मुलगी शाळेतून आली की घराचं दार सताड उघडं टाकून आत यायची. तिची आई आतून ओरडायची, “दार लाव गंऽऽ!” मग पोरगी हॉकीत गोलकीपर झाली. पहिल्याच मॅचला चेंडू तिच्या दोन पायांमधून गेला आणि आईच्या तोंडून सवयीनं तेच निघालं. अख्खं मैदान हसलं. तेव्हापासून माझी बायको गोलामागे उभी राहायची आणि चेंडू जवळ आला की ओरडायची. बाकीच्या आयाही ओरडू लागल्या. शेवटचा ‘गं’ लांबवताना ती आवाज जरा वर चढवायची. बुटकीच्या आईंनी तो चढसुद्धा जसाच्या तसा उचलला होता.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फ्रिज दुरुस्त करतो. रविवारी गिऱ्हाइकं घरी असतात, त्यामुळे मॅच म्हटली की मायलेकीच जायच्या. “तुमच्या फ्रिजांना बरा रविवारीच ताप येतो,” असं ही जाताना म्हणायची.

मागचा हंगाम संपला आणि नवा सुरू व्हायच्या आत ती गेली. छातीत जळजळतंय म्हणून दुपारी आडवी झाली, ती उठलीच नाही.

पॅडची बॅग एकट्या पोरीला उचलत नाही, म्हणून मी मैदानावर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी ती हाक ऐकली आणि मी झटकन गोलामागे पाहिलं, तर बुटकीच्या आई. पुढे मात्र मी हाकेसाठीच जाऊ लागलो. चेंडू आमच्या गोलाकडे यायला लागला की मी मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघायचो. डोळे वर केले नाहीत, तर हाक कोण मारतंय ते दिसत नसे. मग ती तिथं असायची. आपल्याच पोरीच्या गोलावर चेंडू यावा असं मनात धरणारा बाप त्या मैदानावर मी एकटाच असेन.

त्या दिवशी मॅच हरून आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. मध्ये पॅडची बॅग, मागे ती.

“बाबा, बुटकीच्या आईला सांगा ना, तसं ओरडू नका म्हणून.”

“का गं?”

“मला माहितीये आई नाहीये. पण मान आपोआप वळते. परत वळलीस तर दुसरीला उभी करीन म्हणालेत सर.”

“कानात कापूस घाल.”

“मग आमच्या पोरी काय सांगतायत ते कसं ऐकू येणार? काहीही काय बाबा!”

“अगं, प्रेमानं ओरडतात त्या. त्यांना बरं वाटतं.”

ती म्हणाली, “तुम्हाला बरं वाटतं.”

मी उगाचच गिअर बदलला.

पुढच्या रविवारी बुटकीच्या आई पोरींसाठी संत्री सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो.

“ताई, एक सांगायचं होतं.”

“सांगा ना दादा. आधी ही फोड घ्या, आंबट नाही.”

“ते दार लाव म्हणता ना तुम्ही... ते आता नको.”

“अहो, वहिनींची आठवण म्हणून—”

“कळतं मला. पण पोर मागे बघते.”

त्यांचे हात थांबले. “असं होय! आणि मी मेली गळा फाडून ओरडतेय. इतकं जिभेवर बसलंय दादा, की दूध उतू जायला लागलं तरी मी तेच ओरडते.” मग हात पुसत उठल्या. “थांबा, सगळ्यांना सांगून येते.”

मॅच सुरू झाली. शेवटी शेवटी आम्ही एका गोलानं पुढे होतो आणि पलीकडच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यांच्या पोरी आमच्या गोलासमोर येऊन उभ्या राहिल्या. सवयीनं माझी मान खाली गेली. मी वाट पाहिली. काहीच आलं नाही. मनातल्या मनात मी ती हाक लावून पाहिली. शब्द आले, तो चढ काही केल्या येईना.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “डावीकडे! सोडू नका तिला!” असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर पाहिलं, तर ओरडणारी माझीच पोरगी होती. ती गोल सोडून पुढे धावली, आडवी पडली. चेंडू पॅडला लागून बाहेर गेला. ती उठली, हेल्मेट नीट केलं आणि पुन्हा समोर बघत उभी राहिली.

शिट्टी झाली. टीमच्या पोरी तिच्या अंगावर जाऊन पडल्या. मी गोलामागे पाहिलं. बुटकीच्या आईंनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. मग त्यांनी तो हळूच काढला. त्यांच्या गालावर चारही बोटं लाल उमटली होती.