साक्षीला आलेलं पत्र

नुहाद माझी मावसबहीण. झाहले शहरातल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवते आहे. युद्धात घर गेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मावशीने तिला डोंगरातल्या एका धर्मसंघाच्या शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथले पाद्री घत्तास, सगळे त्यांना अबूना, म्हणजे फादर, म्हणत. त्यांनी तो अख्खा हिवाळा तिच्यावर अत्याचार केले. तिने धीर करून तिथल्या सिस्टर उर्सूलना सांगितलं, तर सिस्टरनी साबणाने तिचं तोंड धुतलं. "अबूनांबद्दल असं बोलतात?"

हे तिने मला पन्नाशी उलटल्यावर सांगितलं, तेही चर्चच्या पत्रकातला एक फोटो पाहून. पांढऱ्या झग्यातल्या बारा मुली, आणि मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अबूना, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून.

"हा माणूस अजून मुलींमध्येच आहे," ती म्हणाली. "गाडी काढ."

संघाच्या प्रमुखांनी आम्हाला कॉफी पाजली. सगळं ऐकून म्हणाले, "अबूना आता थकलेत हो. त्या काळी त्यांना समज दिली होती, बदलीही केली होती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या आधीची गोष्ट आहे ती. लेखी काही नाही. तुम्ही तक्रार दिली होती का?"

"मी नऊ वर्षांची होते. तुमच्या शाळेने तोवर पाढे शिकवले होते, तक्रारअर्ज नाही."

"बाई, इतका राग बरा नाही. प्रार्थना करा."

"प्रार्थना तुम्ही करा. मला त्यांच्या बदल्यांची यादी द्या."

यादी मिळाली नाही. तिथून आम्ही तडक नन्सच्या वृद्धाश्रमात गेलो. सिस्टर उर्सूल नव्वदीच्या, पण नुहादला त्यांनी लगेच ओळखलं.

"मी वर कळवलं होतं गं," त्या म्हणाल्या. "त्याच आठवड्यात." आणि कपाटातून एक पिवळं पडलेलं पत्र काढलं. तेव्हाच्या प्रमुखाची सही, संघाचा शिक्का. मुलीला गप्प ठेवावे. ईस्टरनंतर घत्तास यांची दुसऱ्या शाळेत बदली होईल. तिथे कुणाला काही सांगू नये.

"मला क्षमा कर, बाळ."

"आधी पत्र द्या," नुहाद म्हणाली. "क्षमेचं नंतर बघू."

रविवारी ती, ज्या गावच्या चर्चमधला तो फोटो होता, त्या गावात गेली. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटल्यावर चर्चच्या अंगणात उभी राहून तिने ते पत्र मोठ्याने वाचलं. एक म्हातारा पुढे आला. "देवाच्या दारात हे शोभतं का?"

"घडलं तेही देवाच्याच दारात, काका."

लोक पांगले. जिझेल नावाची एक बाई तेवढी थांबली. तिची अकरा वर्षांची मुलगी दोन महिने अबूनांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायला रडत होती, आणि हिने तिला आळशी म्हणून बोल लावले होते. सोमवारी जिझेलने पोलिसांत तक्रार दिली.

नुहादच्या तक्रारीची मुदत संपली, असं कोर्टाने सांगितलं. जिझेलच्या मुलीच्या तक्रारीला मुदतीची अडचण नव्हती. तिच्या खटल्यात ते पत्र पुरावा म्हणून दाखल झालं. न्यायाधीशांनी प्रमुखांना विचारलं, "पत्र तुमच्याच कार्यालयातून गेलंय. तुमच्याकडची प्रत कुठे आहे?" मग मात्र जी फाइल अस्तित्वातच नव्हती, ती पुढच्या तारखेला सापडली. पाच शाळा, पाच बदल्या, आणि प्रत्येकीपुढे एकच कारण: प्रकृती.

घत्तास दोषी ठरले. आता ते पहाऱ्यात, इस्पितळात आहेत. त्यांना लपवणाऱ्या संघावरचा खटला वेगळा, तो अजून चालू आहे. वर्तमानपत्रात वाचून आणखी चार बायका पुढे आल्या. सगळ्या नुहादच्या नंतरच्या. त्या पाचपैकी चार शाळांतली एकेक. म्हणजे त्या पत्राच्या वेळीच या माणसाला थांबवलं असतं, तर या चौघींना आणि जिझेलच्या पोरीला काही झालं नसतं. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रमुख त्यांच्या जागेवरच आहेत. परवा कोर्टाच्या पायऱ्यांवर ते नुहादला हसून म्हणाले, "कशा आहात?"

"त्या पाच शाळांतल्या बाकीच्या मुलींना तुम्ही कधी विचारणार?" ती म्हणाली.

ते वकिलाच्या मागोमाग पायऱ्या उतरून निघून गेले.