फरीदेचा वाटा

ज्योत्सनाच्या संतापाला सकाळपासून बसायला जागा नव्हती. बपेरा गावाजवळच्या तलावाच्या पाळीवर बाबुलाल, तिचा बाप, जाळं झटकत होता, आणि ती त्याला सांगत होती.

फरीदे इराणमधल्या विद्यापीठात शिकवते. दोघींनी मिळून या तलावातले मरळ मासे काय खाऊन जगतात याचा अभ्यास केला. इराणवरच्या निर्बंधांमुळे नमुन्यांचं पार्सल वाटेतूनच परत आलं. मग ज्योत्सनानं मरळीच्या पोटातलं सूक्ष्मदर्शकाखाली धरून फोटो काढायचे, आणि तिकडे नेट येईल तेव्हा फरीदेनं ओळखायचं. कुणाला शिंग, कुणाला शेपूट, कणभर कणभर जीव. साऱ्यांची बारशी तिनंच केली. आता त्याच निर्बंधांवर बोट ठेवून परदेशातलं नियतकालिक म्हणत होतं, फरीदेचं नाव असेल तर निबंध छापणार नाही. ज्योत्सना शिकवते त्या कॉलेजातले विभागप्रमुख गोपीचंद सर हसत म्हणाले होते, काढून टाका ना मग. त्यांचं स्वतःचं नाव होतं निबंधावर, तिसरं. फरीदेनंही लिहिलं होतं, काढ बाई, काम तरी बाहेर येऊ दे. त्या समजूतदारपणानं तर ज्योत्सना जास्तच पेटली.

बाबुलालनं जाळ्यातली काडी उपटून फेकली. "तिनं काम नाही केलं का?"

"अर्धं तिनंच केलं, बाबा."

"मंग तिचा वाटा कायले मारून राहिले? आपल्यात जाळं ओढून कोणी तापानं घरी निजला, तरी त्याची मच्छी घरी जाते. तुह्या सराचा वाटा हाये?"

"आहे."

"पाण्यात उतरला होता?"

"बूट ओले होतात त्यांचे."

तिथूनच तिनं सरांना फोन लावला. सर तिच्या बढतीबद्दल बोलू लागले, देशादेशांच्या भांडणात आपण कशाला पडायचं म्हणाले. तिनं ऐकून घेतलं.

"तिचं काढता तर माझंही काढा, सर."

"मग राहिलं कोण?"

"तुम्ही. मरळीच्या पोटात काय होतं ते तुम्हीच सांगा आता त्यांना."

 संध्याकाळी तिनं निबंध मागे घेतला, आणि बढती गेली हे तिला ठाऊक होतं.

फरीदेनं तिला चांगलंच फैलावर घेतलं, मूर्ख म्हणाली, हट्टी म्हणाली. आणि शेवटी विचारलं, पुढचे फोटो कधी पाठवतेस?

ज्योत्सनाचा राग तसूभरही उतरला नव्हता. तिनं बापाकडून एक मरळ मागून घेतली आणि दात आवळूनच चिरायला बसली.