डाल्याखालून

मी एक वटवाघूळ. दौलताबादच्या एका गोठ्यातून बोलतेय, कोंबड्या झाकायच्या डाल्याखालून. डाल्यावर दगड ठेवलाय. उलटं लटकायची माझ्या जातीची सवय. इथं कामट्यांना कशीबशी लोंबकळले तरी डोकं जमिनीला टेकतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी एका पडीक भुयारात माझा जन्म झाला. तिथंच या उन्हाळ्यात मला पिलू झालं, एकुलतं एक. दिवसा ते माझ्या पोटाला बिलगून असतं; रात्री त्याला तिथंच टांगून मी शिकारीला निघते. उंदीर, पाली, नाकतोडे, मिळेल ते धरायचं आणि सर्जेरावांच्या गोठ्यातल्या आढ्याला लटकून निवांत खायचं, हा माझा रिवाज. खाली रक्ताचे चार थेंब सांडतात. खाल्ल्यावर जागा पुसायची रीत आमच्यात नाही, तेवढी चूक मी कबूल करते.

त्याच चुकीनं घात केला. आज उजाडताना सर्जेराव बैल सोडायला आले. माणक्या बैलाच्या खांद्यावर जखम, जमिनीवर ताजं रक्त आणि वर मी. माणसाला एवढं पुरतं. रक्त पिणाऱ्या वटवाघळांचे व्हिडिओ त्यांनी मोबाईलवर पाहिले होतेच. खराट्यानं मला पाडलं आणि डाल्याखाली झाकलं. दुपारपर्यंत निम्मं गाव मला बघून गेलं.

मग त्यांची लेक श्रेया आली. ती शहरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. वाकून माझ्याकडे बघत ती बापाला समजावू लागली. रक्त पिणारी वटवाघळं तिकडं दक्षिण अमेरिकेकडं, आपल्याकडं एकही नाही. युरोपातल्या लोकांनी त्यांच्या गोष्टींतल्या रक्तपित्या भुताचं, व्हँपायरचं नाव दक्षिण अमेरिकेतल्याच एका भल्यामोठ्या वटवाघळाला दिलं: व्हँपायरम. ते बिचारं पाखरं, उंदीर खाणारं. जे खरंच रक्त पितं त्याचं नाव डेस्मोडस, तेही नुसतं दातांवरून ठेवलेलं. म्हणजे करून सवरून नामानिराळं! आणि मी मेगाडर्मा लायरा, नाकावर वीणेसारख्या एका वाद्याच्या आकाराची कातडी मिरवणारी. इंग्रजीत मात्र मला 'खोटं व्हँपायर' म्हणतात. हसावं की रडावं, मला कळेना.

"मग माणक्याचं रगत कशानं आलं?" सर्जेरावांनी विचारलं.

"जू घासलंय, आण्णा. आठ दिस झाले नांगरट चाललीय, तुमी त्याला एक दिवस बी सोडला नाय."

मला सोडून द्या असं बजावून श्रेया शहराची बस गाठायला निघाली. सर्जेराव माणक्याजवळ गेले, जखमेवरच्या माश्या हाकलल्या, हळद-तेल लावलं आणि बराच वेळ त्याच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्यापाशी येऊन बसले. दगडाला हात घातला. मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात शेजारचा कचरू फाटकातून आत डोकावला. बैलाचं रक्त पिणारं ते हेच का, म्हणाला.

सर्जेरावांचा हात थांबला. "व्हय," ते म्हणाले, "हेच."

कचरू फोटो काढून गेला. आता दिवस कलतोय आणि सर्जेराव अजून इथंच बसलेत, दगडाकडे बघत. मला त्यांचा राग येतो. पण त्याहून जास्त माझा जीव भुयारात अडकलाय.

सर्जेराव, गावाला काय सांगायचं ते सांगा, माणक्याचं रक्त माझ्याच माथी राहू द्या. काल रात्रीपासून माझ्या लेकराच्या तोंडात दुधाचा थेंब नाही. तेवढा दगड काढा.