अंगठ्याएवढा डोंगर

तिने आरशासमोर उभ्या केलेल्या ब्लेडच्या पात्याच्या कडेला डोळा लावला. आरशावरून परतणारा उजेड पात्याने अर्धा कापला, की काचेतली खोट सावली होऊन उठून दिसते.

"आहेच," ती पुटपुटली. "मधोमध टेंगूळ."

"मला तर गुळगुळीत दिसतंय," चहाचे कप घेऊन आलेल्या नणंदबाई म्हणाल्या.

"केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढं आहे, वन्सं."

तिने घासून केलेला पहिला आरसा वेधशाळेच्या दुर्बिणीत बसला आणि तिचं नाव झालं. लोक लांबून येत, तिचे हात बघत. त्यानंतरचा हा दुसरा. वेधशाळेने एवढंच सांगितलं होतं: तसाच हवा. आणि हे टेंगूळ रोज तिथेच. शेवटी तिने घासायच्या पुडीचा डबा पुढे ओढला. सगळं पहिल्यापासून घासायचं. एवढ्या महिन्यांची मेहनत पाण्यात.

सवयीने तिने आरशावर तळवा टेकला.

"ताप आलेल्या पोरासारखा सारखा हात काय लावतेस गं त्याला?" वन्सं म्हणाल्या. "बघायच्या आधी एकदा, बघून झालं की एकदा. पहिल्याच्या वेळी बरी तासन्‌तास फिरकायची नाहीस!"

डब्याचं झाकण उघडता उघडता ती थांबली.

"वन्सं, इथे कडेला अंगठा दाबून धरा."

"डाग पडेल."

"पडू दे. हं, आता काढा."

तिने पुन्हा डोळा लावला. मघाशी सपाट असलेल्या कडेला डोंगर उभा होता. एका बाजूने उजळलेला, दुसरीकडे काळी सावली. दोघींना मिळून उचलत नाही अशी जाड काच अंगठ्याच्या उबेने फुगली होती. मधोमधचं टेंगूळ म्हणजे तिच्याच तळव्याचा डोंगर होता. तो हळूहळू खाली बसत होता.

"वन्सं, तुमचा डोंगर झालाय."

"वजन वाढलंय, पण इतकं?"

"या, बघा."

वन्सं वाकल्या. पात्याला डोळा लावून बसल्या. तिने दोन्ही हात काखेत दडवले आणि वाट पाहिली. मग वन्संना जरा बाजूला सारून तिने पाहिलं. मधोमध आता काही नव्हतं. नुसता एकसारखा राखाडी उजेड.

वन्सं लगेच पुन्हा पात्याशी गेल्या.

"न्यायला या म्हणून कळवा वेधशाळेला," ती म्हणाली.

"थांब गं," वन्संनी डोळा न हलवता तिला गप्प केलं. "माझा अजून विरतोय."